विश्वाची गळती

लग्नाच्या जेवणात तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल आणि हातात भरलं ताट घेऊन, चष्म्याच्या वरून जागा हेरत एक गृहस्थ येताना दिसले, तर पटकन तिथे पर्स, रुमाल, लहान मूल, जे हाताशी असेल ते ठेवावं. नाही ठेवलं तर ब्रह्मांडकाका बसतात. पहिला घास घेण्याआधी म्हणतात, "मुळात काय आहे ना..." आणि विश्वाला सुरुवात होते. जिलबीला फुटलेला महास्फोट मसालेभात येईपर्यंत जेमतेम तीन मिनिटांचा झालेला असतो. हेलियम तयार असतं, मठ्ठा यायचा असतो आणि आपल्याला अजून १३८० कोटी वर्षं काढायची असतात.

हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं. काकांना ते कळलं तेव्हा आम्हाला वाटलं रागावतील. उलट खूश झाले. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावापुढे 'बी. ई. (सिव्हिल)' होतंच, खाली नव्या सोनेरी अक्षरांत 'विश्वरचना अभ्यासक' आलं. काकूंचं नाव त्याच्याही खाली सरकलं. "मला काय, मी त्यांच्याच विश्वात राहते," काकू म्हणाल्या. "भाडं पण मीच भरते."

काका पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी कालव्यांवर गेली. धरणातून सोडलेलं पाणी मुख्य कालवा, वितरिका, चारी, पोटचारी असं फिरत टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेतो किती उरतं, याचा हिशेब ठेवता ठेवता त्यांचे केस पिकले. निवृत्तीनंतर विश्वाकडे बघायला सवड मिळाली तेव्हा त्यांना पहिल्या नजरेत जे दिसलं ते दुसऱ्या कुणाला दिसणं अवघड होतं. त्यांना गळती दिसली.

काकांचा सिद्धान्त ऐकायला त्यांच्या स्वयंपाकघरात जावं लागतं, कारण प्रयोगाचं साहित्य फ्रिजच्या दारावर आहे. अष्टविनायक यात्रेहून आणलेलं महडच्या गणपतीचं मॅग्नेट काका काढतात आणि त्याने ओट्यावरची टाचणी उचलतात. "खाली अख्खी पृथ्वी ओढतेय. वर हा एवढासा वरदविनायक. जिंकलं कोण?" आपण गणपतीला श्रेय देतो. "चूक! प्रश्न असा, की पृथ्वी हरली का?"

प्रश्न अगदी खरा आहे, हे इथे सांगायला हवं. निसर्गातल्या चार बलांमध्ये गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं का, हे भल्याभल्यांना सुटलेलं नाही. दोन प्रोटॉन विद्युतबलाने एकमेकांना जितक्या जोराने ढकलतात, त्याच्या मानाने त्यांच्यातलं गुरुत्वाकर्षण एकावर ३६ शून्यं इतक्या पटींनी कमी आहे. काकांचं उत्तर असं : गुरुत्वाकर्षण म्हणजे टेलचा शेतकरी. वरून सोडलंय भरपूर, मधल्या मधे जातंय. कुठे जातंय? जादा मितीत. "दिसत नाही म्हणून काय झालं? पाझर कुठे दिसतो?"

आणि ऐकणाऱ्याची पंचाईत अशी, की १९९८ साली अर्कानी-हमेद, डिमोपूलॉस आणि द्वाली या तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी साधारण याच्या जवळचं काहीतरी मांडून ठेवलंय. आपण आणि आपला प्रकाश तीन मितींच्या एका पापुद्र्याला चिकटून आहोत, गुरुत्वाकर्षण मात्र त्याबाहेरच्या मितींतही पसरतं आणि म्हणून आपल्या वाट्याला पातळ येतं, असा त्यांचा तर्क. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअर पोराने हे काकांना जरा खोडसाळपणेच सांगितलं. त्याला वाटलं, आपल्या आधी कुणीतरी हे सांगून गेलंय म्हटल्यावर काका हिरमुसतील. काकांनी त्याला मिठी मारली. "बघ! म्हणजे मी बरोबर!"

ही या जातीच्या माणसांची खासियत आहे. कुणी आधी सांगितलेलं असलं तर ते बरोबर. कुणी विरोध केला तर विरोध होतोय म्हणून बरोबर. कुणी उत्तरच दिलं नाही तर, "काय देणार उत्तर? आहे कुठे उत्तर?" आपण सगळे एका प्रचंड कृष्णविवराच्या पोटात राहतो, हा काकांचा दुसरा सिद्धान्त. 'नेचर'मध्ये १९७२ साली आर. के. पाथरिया या भारतीय शास्त्रज्ञाने 'कृष्णविवर म्हणून विश्व' अशाच अर्थाच्या मथळ्याखाली तो विचार मांडला होता, हे कळलं तेव्हा काकांनी सोसायटीत पेढे वाटले. पाथरियांच्या वतीने.

कृष्णविवर हा त्यांचा सगळ्यात लाडका विषय. आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींनी गणपती म्हणून मांडलेली सुपारी काकांनी चौरंगावरून उचलली, दोन बोटांत धरली आणि जमलेल्या बायकांना म्हणाले, "पृथ्वी दाबत दाबत एवढी केली, खरं तर याहून जरा लहानच, नऊ मिलिमीटर त्रिज्येची, की संपलं. प्रकाशसुद्धा सुटणार नाही." बायका सुपारीकडे बघत राहिल्या. गुरुजी शांतपणे म्हणाले, "ती प्राणप्रतिष्ठा केलेली आहे. खाली ठेवा." काकांनी ठेवली, पण परत येऊन माझ्या कानात म्हणाले, "सूर्याची तीन किलोमीटर."

मात्र आकाशातलं काही विचारू नये. गच्चीवर जाऊन "काका, ती चांदणी कुठली?" म्हटलं की काका गडबडतात. अकरा मिती तोंडपाठ असलेल्या या माणसाला चित्रा आणि स्वाती यांतला फरक सांगता येत नाही. तो काकू सांगतात. काकूंचं बालपण माणदेशातल्या खेड्यात, अंगणात झोपून गेलं. लोडशेडिंग असलं की दोघं गच्चीवर जातात. काका कठड्याला टेकून विश्वाचा शेवट कसा होईल ते समजावतात, आणि काकू सतरंजीवर आडव्या पडून, "ते बघा मृग वर आलं, पोराचा अजून फोन नाही," असं म्हणतात.

काकांचा खरा संसार टपाल खात्याशी. सिमेंट कंपन्यांच्या जुन्या डायऱ्यांत हिरव्या शाईने लिहिलेला सिद्धान्त दर दोन-तीन वर्षांनी नवा व्हायचा. मग झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग, वर प्लॅस्टिकचं कव्हर, आणि रजिस्टर्ड ए.डी.ने रवानगी. देशातल्या संस्था, परदेशातली विद्यापीठं, एकदा तर थेट स्टॉकहोम. उत्तरं येत नसत, पोचपावत्या येत. त्या काकांनी एका फाइलमध्ये तारखेवार लावल्यात आणि फाइलवर लिहिलंय 'मान्यता'. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात मिसळून टाकली, तेव्हा देशात सर्वात जास्त हळहळलेल्या माणसांत काका नक्की असणार.

उत्तर आलं नाही याचं त्यांना वाईट वाटत नाही, कारण त्यांच्याजवळ कालुझा आहे. थिओडोर कालुझा, कोनिग्सबर्गचा एक फारसा कुणाला माहीत नसलेला अध्यापक. जगाला आणखी एक मिती मानली तर गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकाच समीकरणात बसवता येतील, असं त्याने १९१९ मध्ये आइन्स्टाइनला लिहून कळवलं. आइन्स्टाइनने कौतुक केलं, शंका काढल्या, आणि लेख छापून यायला १९२१ साल उजाडलं. "दोन वर्षं! आइन्स्टाइनने दोन वर्षं फाइल दाबून ठेवली!" काका टेबलावर हात आपटतात. त्यात त्यांना आइन्स्टाइन कमी आणि मंत्रालयातला कक्ष अधिकारी जास्त दिसत असतो. कालुझाने पत्रासोबत समीकरणंही पाठवली होती, हा तपशील काका सांगत नाहीत.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांवर त्यांची भक्ती. आयुका या खगोलशास्त्र संस्थेतलं त्यांचं व्याख्यान असलं की काका दीड तास आधी जाऊन पहिल्या रांगेत बसत आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली की सगळ्यात आधी हात वर करत. आयोजकांनाही ते पाठ झाले होते, ध्वनिक्षेपक त्यांच्या बाजूला सहसा फिरकत नसे. महास्फोट न मानणारा एवढा मोठा माणूस पुण्यात राहतो, याचा त्यांना कोण आधार वाटायचा. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. परीक्षकांवर नावाचं दडपण येऊ नये, आणि अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाबाईंच्या हस्ताक्षरात. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. काकांनी या हकिगतीतून वेगळंच तात्पर्य काढलं : नाव बदलल्याशिवाय या देशात काही होत नाही. त्यांनीही एकदा गळतीचा सिद्धान्त टोपणनावाने पाठवला. पोचपावतीही त्याच नावाने आली, आणि या नावाचे कुणी इथे राहत नाहीत म्हणून वॉचमनने पोस्टमनला परत पाठवलं. 'मान्यता' फाइलमधली ती एकच जागा रिकामी आहे.

काकांच्या आयुष्यातला सुवर्णदिन म्हणजे १० सप्टेंबर २००८. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर जमिनीखाली २७ किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉन फिरवायचं ते प्रचंड यंत्र सुरू होणार होतं, आणि त्यात कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाईल असं टीव्हीवाले सकाळपासून लाल अक्षरांत सांगत होते. गणपतीचे दिवस. गौरी नुकत्याच गेलेल्या. मंडपात आरतीला जमलेल्या बायकांचे चेहरे उतरलेले. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी दुसऱ्या दिवशीच्या उसळीसाठी मटकी भिजत घालावी की नाही, असं आडून विचारलं. सेक्रेटरींची काळजी जास्त व्यावहारिक : विसर्जनाच्या ढोलपथकाला आगाऊ पैसे देऊन झाले होते.

त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी आपणहून काकांना विचारलं. काका मंडपातल्या लाकडी स्टुलावर उभे राहिले. मला भीती होती की आता गळती येणार. आली नाही. काका म्हणाले, "घाबरू नका. या यंत्रात होणार आहेत त्यापेक्षा जोरदार टकरी आपल्या डोक्यावरच्या हवेत रोज होतात. अवकाशातून वैश्विक किरण येऊन आदळतात. कोट्यवधी वर्षं आदळतायत. पृथ्वी आहे ना जागेवर? आणि समजा एवढंसं कृष्णविवर तयार झालंच, तर हॉकिंगच्या हिशेबाने ते क्षणात विरून जाईल. मटकी भिजत घाला." शास्त्रज्ञांनी तेव्हा जगाला जे सांगितलं ते नेमकं हेच होतं, फक्त मटकीचा उल्लेख सोडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि धुराने आलं पाणी, असं म्हणाल्या. मंडपात तेव्हा धूप विझलेला होता.

पुढे नऊ दिवसांनी ते यंत्र बंद पडलं. एक विजेची जोडणी वितळली आणि टनावारी द्रवरूप हेलियम बाहेर पडलं. बातमी वाचून काका पेपर घेऊन जिने उतरत खाली आले. प्रत्येक दारावरची बेल वाजवून ते एवढंच सांगत होते, "शेवटी गळतीच!"

सोसायटीची गच्चीही गळते. तिथे मात्र काका लक्ष घालत नाहीत. "ते काम कॉन्ट्रॅक्टरचं," म्हणतात.

अशा माणसाला एक प्रतिस्पर्धी लागतोच. आमच्याकडे ते बी विंगमधले अण्णा आहेत. त्यांच्या मते हे सगळं आपल्या ऋषींना ठाऊक होतं. चौदा भुवनं म्हणजेच चौदा मिती. सकाळी ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर या दोघांची जुंपते. काका संतापून म्हणतात, "अहो, तंतू सिद्धान्तात मिती दहा, फार तर अकरा. तुमच्या वरच्या तीन कुठल्या?" अण्णा शांतपणे म्हणतात, "त्या पाश्चात्त्यांना अजून सापडायच्या आहेत." काकांचा एक गुण मला इथे फार मोठा वाटतो. ते चुकतील, पण सगळं आधीच सापडलेलं आहे असं कधी म्हणणार नाहीत.

गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो वेधशाळा भारतातही होणार, आणि ती हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होणार, हे ठरलं तेव्हा काकांनी तो निर्णय आपल्या शिफारशीवरून झाल्यासारखाच धरला. तरुणपणी ते त्या भागात सिद्धेश्वर धरणावर शाखा अभियंता होते. "तिथला खडक मी स्वतः ठोकून पाहिलाय. हलणार नाही." २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने मंजुरी दिली, २६०० कोटींची. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू काटकोनात. प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक त्यात मोजायचा. हे सांगताना मात्र काकांचा आवाज बदलतो. आयुष्यभर लेव्हल लावून कालव्याचा उतार मोजलेला माणूस तो. इतकं बारीक माप म्हणजे काय, हे त्यांच्या बोटांना कळतं.

माझं कोडं नेमकं तिथेच होतं. साइटवरचा ज्युनिअर एम.बी. न भरता बिल घेऊन आला, तर काका ते बिल त्याच्या अंगावर फेकत, असं त्यांच्या खात्यातले लोक सांगतात. एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, नोंद नाही म्हणजे काम झालेलं नाही. काँक्रीट डोळ्यांसमोर उभं असलं तरी नाही. त्याच माणसाने सगळ्या विश्वाचं बिल मात्र एकही माप न घेता पास करून टाकलं होतं. "मला गणित नको, मला चित्र दिसतं," असं ते छाती पुढे काढून म्हणत. हेच वाक्य खात्यात कुणी त्यांना ऐकवलं असतं तर त्याची बदली झाली असती.

ही अडचण शेवटी दूर केली ती लातूरकडच्या एका मुलीने. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आयुका सगळ्यांना खुलं असतं. शाळांच्या रांगा, पोस्टर, दुर्बिणी. मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. काका दरवर्षी आइन्स्टाइनच्या शेजारी बसून डबा खातात. त्या वर्षी एका पोस्टरपाशी पीएच.डी. करणारी ही मुलगी उभी होती. काकांनी तिला गळती सांगितली. तिने पूर्ण ऐकून घेतली. अशी ऐकणारी माणसं काकांना सहसा भेटत नाहीत, त्यामुळे ते दोनदा सांगून बसले.

मग तिने विचारलं, "काका, किती गळतं?"

"किती म्हणजे?"

"म्हणजे वहन व्यय किती धरलाय?"

कालव्याच्या वाटेत मुरणाऱ्या पाण्याचा हा खात्यातला शब्द. तिचे वडील कालवा निरीक्षक होते, हे नंतर कळलं. काका गप्प झाले. तिने हातातल्या माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहून दाखवल्या. तीन मितींत अंतर दुप्पट केलं की ओढ चौथाई होते. आणखी एक मोठी मिती उघडी असेल तर ती आठवा हिस्सा व्हायला हवी. आणि तसं असेल तर ग्रहांच्या कक्षा टिकतच नाहीत. जरासा धक्का लागला की पृथ्वी एक तर सूर्यात जाऊन पडेल किंवा कायमची दूर निघून जाईल. पॉल एहरनफेस्टने १९१७ मध्येच हे दाखवून दिलंय. "ते १९९८ वाले लोकही जादा मिती मोठ्या मानतच नाहीत, काका. इवल्याशा मानतात. तुम्ही एकदा करून बघा ना. तुमचं गणित चांगलं असणार."

काका बसमध्ये काही बोलले नाहीत. घरी जेवले नाहीत. रात्री उशिरा माझा फोन वाजला. "अहो, पडते हो!"

मी घाबरून उठून बसलो. "कोण पडलं? काकू?"

"पृथ्वी! सूर्यात! मी तीनदा करून पाहिलं!" आवाजात दुःखाचा लवलेश नव्हता. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी त्यांच्या सिद्धान्ताला पाणी सोडून पाहिलं होतं, आणि तो कुठे फुटतो ते त्यांना दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते बुधवार पेठेत जाऊन खरीखुरी एम.बी. घेऊन आले. सिमेंटच्या डायऱ्या माळ्यावर गेल्या. हिरवी शाई जाऊन पेन्सिल आली, आणि पेन्सिलीबरोबर खोडरबर. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगकर्त्यांनी २०२० मध्ये ५२ मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या आसपास, वस्तू जवळ आणून पाहिल्या आणि तिथेही न्यूटनचा नियम टिकला, हे त्यांना त्या मुलीनेच कळवलं. काकांनी त्याची तारीखवार नोंद केली, शेरा लिहिला 'भेग याहून बारीक', आणि खाली सही ठोकली. कट्ट्यावर आता ते अण्णांना विचारतात, "तुमच्या चौदा भुवनांची रुंदी किती? मायक्रॉनमध्ये सांगा." अण्णा हल्ली पलीकडच्या बाकावर बसतात.

मुलगी महिन्यातून एकदा चहाला येते. गेल्या वेळी ती येण्याआधी मी काकांकडे कसलीशी सही घ्यायला गेलो होतो. काका आत एम.बी. शोधत होते आणि काकू बाहेरच्या खोलीत फोनवर तिच्याशी दबक्या आवाजात बोलत होत्या. "ये गं, थालीपीठ करतेय. पण ऐक, चूक असेल ते सगळं आजच नको सांगूस. थोडं थोडं सांग. श्रावणापर्यंत पुरलं पाहिजे."